समुद्रमत्स्यांची कुलव्यवस्था : मानसोल्लासांतील शल्कभेद आणि हेकरू-जिताड्यांचें गोत्र

जुन्या ग्रंथांत माशाचें नांव आलें म्हणजे टीकाकार बहुधा ‘मत्स्यविशेष’ एवढें लिहून पुढें जातात. आधुनिक भाषांतरकार त्याच नांवापुढें एखादें लॅटिन नांव लिहितात व तेही पुढें जातात. पहिल्या रीतीनें ज्ञान वाढत नाहीं. दुसरीनें तें वाढल्याचा भास मात्र होतो. या दोहोंपैकीं दुसरी रीत अधिक घातक आहे, असें आमचें मत आहे. कारण ‘मत्स्यविशेष’ वाचून वाचक शोध करण्यास मोकळा राहतो. लॅटिन नांव वाचून तो शोध संपला असें समजतो. प्रस्तुत लेखांत हें मत एका उदाहरणानें मांडावयाचें आहे. तें उदाहरण म्हणजे आपल्या कोंकणपट्टीवरील हेकरू व जिताडा हे दोन मासे. गोव्याकडे यांसच अनुक्रमें गोबरो व चोणक म्हणतात.

चामोर्शीस राहून समुद्रमत्स्यांविषयीं लिहिणें कित्येकांस विपरीत वाटेल. येथें मासा म्हणजे वैनगंगेचा व तळ्यांचा. समुद्राचा मासा दिसला तर तो सुका होऊन आलेला. परंतु ज्याच्यापुढें प्रत्यक्ष पदार्थ नाहीं त्यास शब्दाची परीक्षा अधिक कसोशीनें करावी लागते, आणि जुन्या पोथीचा प्रत्येक वाचक याच स्थितींत असतो. शिवाय ज्या ग्रंथाचा येथें मुख्यतः विचार करावयाचा, तोही समुद्रापासून दूर असलेल्या एका राजधानींतच झालेला आहे.

(१) सशल्क व निःशल्क

माशांची विभागणी करण्याचें आपल्याकडील सर्वांत जुनें व सर्वांत टिकाऊ लक्षण म्हणजे खवला. अमरकोशाच्या वारिवर्गांत माशाचे जे पर्याय येतात त्यांत ‘शकुली’ हा एक आहे. कोशांत याच्याशेजारीं ‘शकली’ असाही शब्द माशास दिलेला सांपडतो, आणि त्याचा सरळ अर्थ ‘शकलें, म्हणजे खवले, असलेला’ असा होतो. एका उकाराचा फरक. परंतु एका पाठानें तें केवळ नांव राहतें व दुसऱ्यानें तें लक्षण होतें. ज्यांच्या संग्रहीं अमराच्या जुन्या प्रती असतील त्यांनीं हा शब्द मुद्दाम पाहावा.

धर्मशास्त्रांत हें लक्षण भक्ष्याभक्ष्याच्या निर्णयासाठीं वापरलें आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत पाठीन व रोहित हे हव्यकव्यांस योग्य सांगून पुढें राजीव, सिंहतुंड आणि सर्व ‘सशल्क’ मत्स्य यांस अनुज्ञा दिली आहे. याज्ञवल्क्याच्या आचाराध्यायांतही हींच नांवें व हाच सशल्क शब्द येतो. या वचनांतील रचना बारकाईनें पाहण्याजोगी आहे. चार मासे नांवानें सांगितले आणि बाकीचे सर्व एका लक्षणांत गोळा केले. जेथें नांवांची यादी पुरी पडणार नाहीं तेथें शास्त्रकार लक्षणाकडे वळतात. वर्गीकरणाचा उगम हाच.

परंतु यावरून ‘पाठीन वेगळा सांगितला, म्हणून तो सशल्क नसावा’ असें अनुमान कोणी काढील तर तें टिकणार नाहीं. पाठीन हा मोठ्या तोंडाचा, बिनखवल्याचा नदीचा मासा असें पुष्कळ विद्वान् मानतात, व अमरानें त्यास दिलेला ‘सहस्रदंष्ट्र’ हा पर्याय त्यास जुळतोही. तथापि रोहित तर उघड खवल्यांचा मासा आहे, आणि तोही वेगळाच सांगितला आहे. तेव्हां वेगळें नांव घेण्याचें कारण हव्यकव्याचा अधिकार हें असूं शकतें. खवल्यांचा अभाव हेंच कारण असलें पाहिजे असें नाहीं.

(२) सोमेश्वराचा मत्स्यविनोद

कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर, ज्यास भूलोकमल्ल असें बिरुद होतें, हा इ. स. ११२७ च्या सुमारास गादीवर आला. त्याचा ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा ग्रंथ पांच विंशतींचा, म्हणजे शंभर अध्यायांचा असून त्यांतील ज्योतिषविषयक भागांत शके १०५१ हें वर्ष गणितासाठीं घेतलेलें आहे. ग्रंथास दोन नांवें असल्यामुळें हस्तलिखितांच्या याद्यांतही तो दोन ठिकाणीं सांपडतो, हें संग्राहकांनीं लक्षांत ठेवावें. दुसऱ्या नांवानें त्याचा एक भाग म्हैसूर येथें १९२६ सालीं छापला गेला. पहिल्या नांवानें श्री. गजानन श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेली आवृत्ति बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५, १९३९ व १९६१ अशा तीन खेपांत निघाली.

या ग्रंथाच्या विनोदविंशतींत मत्स्यविनोद नांवाचें प्रकरण आहे. काठी, दोरी, गळ व आमिष यांची माहिती, कोणत्या माशास कोणतें खाद्य रुचतें याचें कथन, आणि मासा गळास लागल्यावर त्यास कसें थकवावें याची रीत असें सर्व त्यांत आलें आहे. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, राजानें माशांची केवळ नामावलि दिली नाहीं. समुद्रांतले व नद्यांतले असा एक भेद. ‘शल्कज’ म्हणजे खवल्यांचे व ‘चर्मज’ म्हणजे नुसत्या कातडीचे असा दुसरा भेद. आणि मोठे, मध्यम व लहान असा तिसरा भेद, अशीं तीन लक्षणें एकत्र वापरलीं आहेत. धर्मशास्त्रांत जो भेद ताटापुरता होता तो येथें पाण्याकांठीं आणून राजानें त्यास स्थान व आकार यांची जोड दिली.

कल्याणी समुद्रापासून दूर. तरी या प्रकरणांत समुद्रमत्स्य आहेत. गोव्याचे कदंब हे चालुक्यांचे मांडलिक होते, तेव्हां बंदरांची माहिती दरबारीं पोंचण्यास अडचण नव्हती. समुद्रांतील चर्मजांत ‘सोर’ व ‘शृंगसोर’ अशीं नांवें येतात. तामिळ ‘सुरा’ व तेलुगु ‘सोर’ हे शब्द आपल्या मुशी नांवाच्या माशाचे वाचक आहेत. म्हणजे संस्कृत श्लोकांत येथें कोळ्याच्या तोंडचा शब्दच आला आहे, आणि तो मराठी किनाऱ्याचा न दिसतां द्राविड भाषांच्या बाजूचा दिसतो. मुशीच्या अंगास खवल्यांऐवजीं खरखरीत कातडें असतें. म्हणून चर्मज वर्गांत तिचें स्थान बरोबर जुळतें. येथें नांव, स्थान व लक्षण हीं तिन्ही एकमेकांस साक्ष देतात. ओळख पटली असें म्हणावयाचें तें अशा ठिकाणीं.

डॉ. सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत या प्रकरणावर जो निबंध लिहिला त्याचें मोल यांतच आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे ते तेव्हां संचालक होते. मत्स्यशास्त्रज्ञानें संस्कृत ग्रंथ हातीं घेऊन शब्दाबरोबर त्याचें पाणी, कातडी, आकार व आहारही तपासावा, ही रीत त्यांनीं घालून दिली.

(३) सिंहतुंड म्हणजे हेकरू काय ?

आतां मोहाचें स्थळ येतें. सिंहतुंड म्हणजे सिंहाच्या तोंडाचा. हेकरू माशाचें मुख रुंद, खालचा जबडा पुढें आलेला, अंग भारी आणि अंगावर खवले. बाजारांत तो पाहिलेला कोणीही मनुष्य हें नांव ऐकून तत्काळ ‘हाच तो’ असें म्हणेल. त्याच्या कुळांतील लॅन्सिओलेटस नांवाची जाति तर दोन मीटरांहून अधिक लांब होते. सिंहाची उपमा तीस शोभेलही.

परंतु शोभणें हें प्रमाण नव्हे. एक तर मनु व याज्ञवल्क्य यांच्या वचनांत सिंहतुंडाविषयीं तोंडाच्या उपमेपलीकडे कांहींच नाहीं. त्याचें पाणी, रंग, आहार यांचा उल्लेख नाहीं. दुसरें, त्याची संगत रोहितासारख्या नदीच्या माशाची आहे. खडकाळ समुद्रांत राहणारा मासा त्या पंक्तींत कां बसावा याचें कारण दाखवितां येत नाहीं. तिसरें, तोंडावरून पडलेलें नांव अनेक माशांस लागूं शकतें. चामोर्शीजवळ मार्कंड्यास वैनगंगेच्या कांठीं ढिवरांच्या टोपलींत मरळ, वाम व शिंगाळा हे मासे पाहावे. मरळ खवल्यांचा, शिंगाळा नुसत्या कातडीचा. मानसोल्लासांतील शल्कज-चर्मज हा भेद तेथें बालकासही दाखवितां येतो. परंतु केवळ ‘मोठ्या तोंडाचा’ एवढ्या शब्दावरून त्या टोपलींतला एकच मासा उचलून दाखवा म्हटलें तर वाद होईल. यास्तव सिंहतुंड हा हेकरू होय असें लिहिण्यास आज आधार नाहीं. तो सशल्क वर्गाच्या शेजारीं सांगितलेला मासा, एवढेंच लिहावें.

(४) एका पेटींतले दोन मासे

हा सावधपणा फाजील नाहीं, हें पाश्चात्य शास्त्राच्या इतिहासावरून अधिक स्पष्ट होईल. तेथें तर विद्वानांच्या हातांत प्रत्यक्ष मासे होते.

बर्लिनचा वैद्य मार्कस एलिझर ब्लॉख यानें १७९० सालीं परदेशी माशांचें वर्णन करतांना दोन माशांस ‘होलोसेंट्रस’ या एकाच वर्गांत घातलें. एकास कॅल्कॅरिफर, म्हणजे आर धारण करणारा, असें नांव दिलें. तो आपला जिताडा. दुसऱ्यास लॅन्सिओलेटस, म्हणजे भाल्यासारखा, असें नांव दिलें. तो वर सांगितलेला प्रचंड हेकरू. १७९३ सालीं त्यानेंच ‘एपिनेफेलस’ हा वर्ग कल्पिला. ग्रीक भाषेंत याचा अर्थ ढगानें आच्छादलेला. डोळ्यावर पातळ पापुद्रा असल्याची समजूत या नांवाच्या मुळाशीं आहे. आज बहुतेक हेकरू याच वर्गांत आहेत. ज्यूर्ज क्युव्हिए यानें ‘सेरानस’ हा वर्ग केला; लॅटिन ‘सेरा’ म्हणजे करवत, आणि या माशांच्या गालाच्या हाडाची कड करवतीसारखी दांतेरी असते. त्यानें व व्हॅलान्सिएन यानें १८२८ सालीं जिताड्यासाठीं ‘लातेस’ हा निराळा वर्ग केला. हें नांव नाईल नदीच्या माशाचें. मिसर देशांतील एस्ना या नगरास ग्रीक लोक लातोपोलिस म्हणत, कारण तेथें त्या माशाची पूजा होत असे.

वर्ग निराळे झाले, तरी कूळ एकच राहिलें. फ्रान्सिस डे यानें १८७५ ते १८७८ या वर्षांत प्रसिद्ध केलेल्या भारतीय मत्स्यांवरील ग्रंथांत दोन्ही मासे ‘पर्सिडी’ या एका कुळांत आहेत. बूलांजे याच्या नाईल नदीवरील १९०७ च्या ग्रंथांत लातेस हा सेरानसाच्या कुळांत बसविलेला आहे. दांतेरी गाल, पाठीवरील काटेरी पर आणि मोठें तोंड एवढें दिसलें कीं मासा या कुळांत टाकावा, अशी रीत पडली होती. परिणामीं तें कूळ म्हणजे ज्यांचें गोत्र ठाऊक नाहीं अशांची धर्मशाळा झाली.

ती धर्मशाळा रिकामी होण्यास विसावें शतक उलटावें लागलें. गॉस्लाइन यानें १९६६ सालीं सेरानस कुळाच्या मर्यादा पुनः आंखल्या, व कल्ल्याच्या झांकणावरील तीन चपटे काटे हें त्याचें मुख्य लक्षण मानलें. जिताड्यास तेथें एकच काटा असतो, आणि त्याच्या अंगाच्या बाजूची रेघ शेपटीच्या टोंकापर्यंत जाते. ग्रीनवुड यानें १९७६ सालीं जिताड्याच्या मंडळीचा स्वतंत्र विचार केला. १९९५ मध्यें मूई व गिल यांनीं तीस ‘लाटिडी’ म्हणून वेगळें कूळ दिलें. पुढें जीवद्रव्याच्या तुलनेचें साधन हातीं आलें. २००७ सालीं स्मिथ व क्रेग यांनीं असें दाखविलें कीं, खुद्द सेरानस कूळही एकवंशीय नाहीं. हेकरूंसाठीं ‘एपिनेफेलिडी’ हें निराळें कूळ मानावें. जिताडा तर अशा तुलनेंत हेकरूपासून दूर, सुरमाड जातीच्या व चपट्या माशांच्या मोठ्या समूहाजवळ जाऊन बसतो. ब्लॉखच्या एका पेटींतले दोन मासे दोनशें वर्षांनीं असे विभक्त झाले.

आंतील जीवनक्रमही या विभागणीस धरून आहे. हेकरू बहुधा प्रथम मादी असतो व वाढल्यावर त्यांतील कांहीं नर होतात. जिताडा प्रथम नर असून मोठेपणीं मादी होतो. हेकरू खडकाच्या बिळांत ठाण मांडून राहतो. जिताड्याचीं पिलें खाडींतून नदींत शिरतात, व वाढलेला मासा अंडीं घालण्यास पुनः खाऱ्या पाण्याकडे जातो. रायगड जिल्ह्यांत पेण-अलिबागच्या खारपट्टींत तळ्यांतून जिताडा वाढवितात तो याच गुणामुळें.

(५) कोळ्यांचीं नांवें व नांवांचा प्रवास

या सर्व काळांत आपल्या कोळ्यांनीं या दोन माशांस कधीं एका नांवानें हांक मारली नाहीं. हेकरू तो हेकरू, जिताडा तो जिताडा. दक्षिणेकडे गेलें तर गोबरो व चोणक. यावरून कोळी शास्त्रज्ञांपेक्षां थोर ठरतात असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. कोळ्यास कुळाचा प्रश्नच पडलेला नव्हता. परंतु मासा कोणत्या पाण्यांत, कोणत्या जागीं व कोणत्या जाळ्यांत येतो हें ज्या नांवांत सांठवलेलें आहे तीं नांवें साक्षीदार म्हणून फार मोलाचीं आहेत, एवढें निश्चित.

पाश्चात्य संशोधकांनाही तीं लागलींच. पॅट्रिक रसेल यानें विशाखापट्टणच्या दोनशें माशांचीं चित्रें १८०३ सालीं प्रसिद्ध केलीं, त्यांत तेथील देशी नांवें ठेविलीं. फ्रान्सिस हॅमिल्टन यानें गंगेच्या माशांवरील १८२२ च्या ग्रंथांत जिताड्यास जें ‘वॅक्टी’ हें नांव दिलें तें बंगाली ‘भेटकी’ होय. त्याच ग्रंथांत रोहिताचें नांव ‘रोहिता’ असेंच लॅटिनांत गेलें, व तें आजही चालू आहे. मनूचा शब्द, बंगाल्यांतील कोळ्यांच्या तोंडून, लॅटिनांत गेला. आणि मध्यें कोठेंही पदार्थ बदलला नाहीं. अशी अखंड परंपरा ज्या नांवास आहे त्याचीच ओळख निःशंक मानावी.

उलट ज्या नांवाचा प्रवास तपासला नाहीं तें कसें फसवितें त्याचीं दोन उदाहरणें पाहावीं. हेकरूच्या एका जातीस ‘मलबारिकस’ म्हणतात. हें नांव १८०१ सालीं ब्लॉखच्या मरणोत्तर श्नायडर यानें पुरा केलेल्या ग्रंथांत आलें. नांवावरून तो मासा मलबारचा वाटेल. परंतु नमुना कोरोमंडल किनाऱ्यावरील तरंगमबाडीचा होता. तेथील मिशनरी तामिळ भाषेसच ‘मलबारी’ म्हणत, हें ध्यानांत घेतलें कीं नांवाचें कोडें सुटतें. दुसरें उदाहरण जिताड्याचें. ब्लॉखनें त्याचें मूळस्थान जपान म्हणून दिलें होतें. परंतु जपानांतील मासा निराळ्या जातीचा आहे, असें काटायामा व ताकी यांनीं १९८४ सालीं दाखविलें. आणि २०१२ मध्यें श्रीलंका व ब्रह्मदेश येथील आणखी दोन जाति वेगळ्या काढण्यांत आल्या. जेथें छापील ग्रंथ, चित्र व बाटलींतला नमुना असतांही स्थळाचा घोटाळा होतो, तेथें पोथींतील एका शब्दावर किती भार घालावा, याचा विचार वाचकांनींच करावा.

(६) संग्राहकांस विनंती

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. नुसतें नांव ओळख पटवीत नाहीं; नांवाबरोबर एकादें तपासतां येण्याजोगें लक्षण असावें लागतें. एकाच लक्षणावर बांधलेलें कूळही टिकत नाहीं. करवतीच्या गालानें जी मंडळी एकत्र आणली ती पुढें पांगली. सोमेश्वरानें पाणी, कातडी व आकार हीं तीन लक्षणें एकत्र घेतलीं, हें त्याच्या ग्रंथाचें वैशिष्ट्य होय. त्याच्या वर्गांस आजच्या अर्थानें वंशवृक्ष समजूं नये. परंतु शब्दाचा पदार्थाशीं मेळ घालण्यास जी सामग्री लागते ती त्यानें दिली आहे, व ती धर्मशास्त्रांतील वचनांत नाहीं.

मराठी माशांच्या नांवांसाठीं अशी सामग्री कोठें मिळेल? मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतील रत्नागिरी (१८८०) व ठाणें (१८८२) यांच्या खंडांत देशी नांवांचा संग्रह आहे. त्याच्या मागें जावयाचें तर दप्तरांकडेच वळलें पाहिजे. बंदरांचे हिशेब, जकातीचे दर, देवस्थानांचे व घरांचे जमाखर्च, पाकक्रियेचीं टिपणें अशा मोडी कागदांत माशाचें नांव कोठें आढळेल तें सांगतां येत नाहीं. आणि असे कागद सनदा व पत्रव्यवहार यांच्या तुलनेनें क्षुल्लक म्हणून रद्दींत जाण्याचा संभव सर्वांत अधिक. एक सनद हरवली तर तिची नक्कल दुसरीकडे असूं शकते. एका खाडीवरील माशांच्या दरांचा कागद गेला तर त्या शब्दांचा दुसरा पुरावा बहुधा नसतो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, असा कागद हातीं आल्यास तो टाकूं नये, व प्रसिद्ध करतांना चार गोष्टी अवश्य द्याव्या. नांवाचें लेखन मुळांत असेल तसेंच ठेवावें, शुद्ध करूं नये. हेकरू व हेकरा यांतील भेदही कदाचित् अर्थपूर्ण असेल. गांव, खाडी अथवा बंदर लिहावें, म्हणजे पाणी कळेल. मासा नगावर विकला कीं वजनावर, व कोणत्या दरानें, हें असेल तर उतरून घ्यावें, म्हणजे आकाराचा अंदाज येईल. महिना व तिथि द्यावी, म्हणजे तो मासा केव्हां किनाऱ्यास येई तें समजेल. लॅटिन नांव मात्र लक्षण सांपडेपर्यंत लिहूं नये. तेथें ‘मत्स्यविशेष’ हाच जुन्या टीकाकारांचा शब्द ठेवावा, आणि त्याखालीं पुढच्या शोधकासाठीं कोरी जागा सोडावी.

ही वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेस मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीस मिळते, आणि गोदावरी पूर्वसमुद्रास. त्या मुखाकडील तेलुगु कोळी जिताड्यास पंडुगप्प म्हणतात, पश्चिमेकडील आपले कोळी जिताडा म्हणतात, आणि मधल्या साऱ्या प्रदेशांत त्यास नांवच नाहीं, कारण तेथें तो मासा नाहीं. नांव कोठें सुरू होतें व कोठें संपतें, याचा असा नकाशा मराठी कागदांवरून तयार करणें शक्य आहे. त्यासाठीं कागद मात्र शिल्लक राहिले पाहिजेत.